बाकड्यावरचं नाव

पुण्यात दोन घटका टेकायचं म्हटलं तरी आधी कोणाचं तरी नाव वाचावं लागतं. बाकड्याच्या पाठीवर, बसथांब्याच्या कपाळावर, उद्यानाच्या फाटकावर, विरंगुळा केंद्राच्या भिंतीवर, गल्लीच्या तोंडाशी उभ्या केलेल्या कमानीवर. ‘मा. नगरसेवक अमुक यांच्या विकासनिधीतून’ आणि त्याच्यावर जरा ठळक अक्षरांत ‘संकल्पना’. बाकडं ही एखाद्याची संकल्पना कशी असू शकते यावर मी बराच विचार केला आहे, बहुधा त्याच बाकड्यावर बसून. पैसे आमच्या मिळकतकरातले, नाव त्यांचं, आणि आम्हाला त्यात कधी फारसं वावगं वाटलेलं नाही. उलट पलीकडच्या गल्लीत बाकडी आली आणि आपल्याकडे आली नाहीत की आम्हीच विचारतो, ‘आमच्यासाठी काय केलंत?’

निवडणुकीची आचारसंहिता लागली की माणसं येऊन ही नावं झाकून जातात. कुठे वर्तमानपत्र चिकटवतात, कुठे कापड गुंडाळतात, कुठे नुसता रंगाचा फटकारा. २०२५ च्या डिसेंबरात अशी झाकाझाक चालली होती, तेव्हा जाणवलं की ज्यांची नावं एवढ्या काळजीने झाकताहेत, ती माणसं जवळजवळ चार वर्षं नगरसेवक नव्हतीच. मतदारावर प्रभाव पडू नये म्हणून ज्यांची नावं झाकायची, त्यांना सभागृहात एक शब्द बोलायचा अधिकार २०२२ पासून नव्हता.

पुण्याच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मुंबई आणि नागपूरचीही त्याच महिन्यात. औरंगाबाद, नवी मुंबई, कोल्हापूर, कल्याण-डोंबिवली इथली तर २०२० मध्येच संपली होती. १ जून १९९३ ला लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीत याबद्दल काही मोघम लिहिलेलं नाही: मुदत पाच वर्षं, त्याहून अधिक नाही, आणि ती संपण्याआधी पुढची निवडणूक पार पडलेली असली पाहिजे. तरीही लांबलं. आधी ओबीसी आरक्षणाचा पेच, त्या आरक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने घातलेली तीन अटींची ‘तिहेरी कसोटी’, मग त्यासाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल. तोवर प्रभाग तिघांचे की चौघांचे यावरून सरकार बदलेल तसे बदलणारे निर्णय. मग याचिका, आणि तारखा. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार आठवड्यांत निवडणुकीची अधिसूचना काढायला सांगितलं, तेव्हा गाडं हललं. राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं ते १५ जानेवारी २०२६ ला.

मधल्या काळात कारभार प्रशासकांकडे होता, म्हणजे आयुक्तांकडेच. १९४९ च्या महापालिका अधिनियमातली रचना अशी की आयुक्तांनी प्रस्ताव ठेवायचा, सोळा सदस्यांच्या स्थायी समितीने पैशाचं बघायचं, आणि मोठे विषय मुख्य सभेपुढे, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेपुढे, जायचे. प्रशासक आले की स्थायी समितीही तेच आणि मुख्य सभाही तेच. पुण्याचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक १२,६१८ कोटी रुपयांचं होतं. ते मांडणाऱ्याला ‘का हो?’ विचारणारा एकही निवडून आलेला माणूस समोर नव्हता. अधिकारी चांगला असेल, प्रामाणिकही असेल, तो भाग वेगळा. चांगल्या माणसालासुद्धा ‘का हो’ विचारणारं कोणी तरी लागतं.

या चार वर्षांत आम्हा रहिवाशांना चुकल्यासारखं काय वाटलं? मी आमच्या इमारतीत, भाजीवाल्याकडे, सकाळी टेकडीवर भेटणाऱ्यांत विचारून पाहिलं. उत्तर साधारण एकच यायचं: फोन कोणाला करायचा ते कळेना. पूर्वी ड्रेनेज तुंबलं की नगरसेवकाच्या संपर्क कार्यालयात फोन जायचा. तिथला एखादा कार्यकर्ता ‘बघतो काकू’ म्हणायचा, तो मुकादमाला गाठायचा, आणि दुपारपर्यंत गाडी यायची. आता ॲपवर तक्रार करा, फोटो टाका, टोकन क्रमांक घ्या. तरुण मंडळी ते झटक्यात करतात. आमच्या तळमजल्यावरच्या आजी मात्र अजूनही ‘माजी’लाच फोन करायच्या, आणि खरं सांगायचं तर माजीही उचलायचे. निवडणूक कधीही लागेल या आशेवर चार वर्षं माजी आणि भावी दोघेही तितक्याच तत्परतेने फोन उचलत होते. वाढदिवसाचे फ्लेक्स तर एकाचे चार झाले.

आपण सुशिक्षित माणसं या ‘नळ-गटार’ नगरसेवकाला नाक मुरडतो. म्हणे त्याने धोरणं ठरवावीत, शहराचा विचार करावा, चेंबरच्या झाकणात कसलं डोकं घालतो. मला हे बोलणं उथळ वाटतं. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताई वस्तीत राहतात. त्यांच्या लेकीला आधार कार्डावरचा पत्ता बदलायचा होता. लाइट बिल घरमालकाच्या नावावर, भाडेकरार नाही. अशा वेळी नगरसेवकाने ठरावीक नमुन्यात दिलेलं रहिवासाचं पत्र चालायचं. नगरसेवकच नाहीत म्हटल्यावर पत्र कोण देणार? ‘आम्हाला वळखणारा माणूस ठेवला नाही की हो सरकारनं,’ असं त्या म्हणाल्या. मला पत्त्याचा पुरावा म्हणून दाखवायला घरात दहा कागद आहेत. मला ओळखणाऱ्या नगरसेवकाची गरज नाही. त्यांना आहे. त्यांच्या गल्लीतलं सार्वजनिक शौचालय, नळाला पाणी किती वाजता येतं, दवाखान्याची सवलत, हे सगळं त्या एका माणसाच्या शब्दावर हलतं. त्याला राजकारण म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

पण मला अडतं ते याच्या पुढे. चार वर्षांत एकाही माणसाने मला ‘मुख्य सभा नाही, त्याचं वाईट वाटतं’ असं म्हटलं नाही. आणि कायद्याने नगरसेवकाचं नेमून दिलेलं काम तर तेच आहे. ड्रेनेजची गाडी पाठवणं हे खात्याचं काम. ते तो आपल्याकरता करून घेतो, ही त्याची मेहरबानी किंवा व्यवहार, काहीही म्हणा. सभागृहात बसून पैसा कुठे चालला ते विचारणं, हे त्याचं स्वतःचं काम. आपण खात्याचं काम त्याच्याकडून मागतो आणि त्याचं काम त्याला कधी विचारतच नाही.

मुदत संपण्याआधीच्या त्या शेवटच्या काळात मी एकदा हट्टाने सभागृहाच्या प्रेक्षक गॅलरीत जाऊन बसले होते. हट्टाने म्हणते कारण घरच्यांनी ‘तिथे तुझं काय काम?’ असं विचारलं होतं. तिथे पोचल्यावर पहिला धडा मिळाला तो तहकुबीचा. कोणी मोठी व्यक्ती गेली की श्रद्धांजली वाहून सभा तहकूब करायची रीत आहे. रीत म्हणून चांगलीच. पण पुढच्या तारखेला मागच्याही तहकूब सभा एकामागोमाग एक पुकारल्या जातात, आणि कार्यपत्रिकेवरचे विषय ‘मान्य, मान्य’ म्हणत इतक्या वेगाने पुढे सरकतात की पान उलटायला सवड मिळत नाही. पाणीपुरवठ्यावर मात्र त्या दिवशी खरोखर जोरदार बोलणं झालं. एका नगरसेविकेने आपल्या भागातल्या टाकीचं काम कुठल्या टप्प्यावर अडलंय ते तारीखवार मांडलं, अधिकाऱ्याला उभं राहून उत्तर द्यावं लागलं, आणि त्याने दिलेलं उत्तर लेखनिकाने लिहून घेतलं. एवढंच. पण प्रशासकाच्या चार वर्षांत हे झालं नाही. अधिकाऱ्याने लोकांसमोर उभं राहून, लिहून घेतलं जाईल असं उत्तर देणं.

मी ज्या विषयांवर कान टवकारून बसले होते ते दोन होते. एक ‘स’ यादी, दुसरं वर्गीकरण. पुण्याबाहेरच्यांसाठी सांगते: अंदाजपत्रकात नगरसेवकांनी सुचवलेली प्रभागातली छोटी-मोठी कामं ज्या यादीत येतात ती ‘स’ यादी. बाकडी, कापडी पिशव्या, कचऱ्याच्या बादल्या, नामफलक, पेव्हर ब्लॉक, सगळ्यांचं माहेर तेच. आणि एका कामासाठी ठेवलेले पैसे वर्षाच्या मध्ये दुसऱ्या कामाकडे वळवायचे, ते वर्गीकरण. मार्चमध्ये अंदाजपत्रकाचे मथळे येतात: नवे पूल, नवी रुग्णालयं, इतके कोटी. पुढे वर्षभरात कोणत्या कामाचे पैसे कोणत्या कामाला गेले हे वर्गीकरणाच्या प्रस्तावांतून कळतं, आणि ते कोणी वाचत नाही. शहराची खरी इच्छा काय आहे ते मला विचाराल तर अंदाजपत्रकात नाही, वर्गीकरणात लिहिलेलं असतं.

माझा मामा पुण्याच्या कडेला असलेल्या एका गावात राहतो. ‘पुण्याच्या कडेला’ असं मी सवयीने म्हणते. ३० जून २०२१ ला जी तेवीस गावं महापालिकेत घेतली, त्यांतलं ते एक. शासकीय भाषेत ‘समाविष्ट गावं’. ग्रामसभा म्हटलं की लोक गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) सांगतात, नगरजवळचं हिवरे बाजार सांगतात. मामाचं गाव तसलं मुळीच नव्हतं. भावकी होती, दोन गट होते, जमिनीला भाव आल्यापासून बिल्डर होते, आणि निवडणुकीच्या आदल्या रात्री जे सगळीकडे चालतं ते तिथेही चालायचं. तरीही ग्रामसभा हे प्रकरण मामाने मला जितकं समजावलं तितकं कुठल्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकाने समजावलं नाही.

१९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतलं जे कमी असेल ते. गावात शंभर माणसं लग्नाला सहज जमतात, ग्रामसभेला जमत नाहीत. मग सभा तहकूब. आणि तहकूब सभा पुन्हा बोलावली की तिला गणपूर्तीची अटच नाही. मामाने हे वर्म ओळखलं होतं. तो म्हणायचा, खरी ग्रामसभा ती दुसरीच. पहिलीला माणसं येतात, चहा पितात, मोजली जातात, कमी भरतात, जातात. दुसरीला सरपंच, दोन-चार सदस्य, भाऊसाहेब आणि मामा. जे ठरायचं ते तिथेच ठरतं.

भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. २०२४ पासून त्यांचं पदनाम ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालं आहे, पण हाक अजून भाऊसाहेबच. मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलावर ते लांबरुंद प्रोसिडिंग बुक, आणि भाऊसाहेबांच्या हातात पेन. मी एकदा सुट्टीत गेले होते तेव्हा मामाने मलाही नेलं. माळावरच्या वस्तीला जाणाऱ्या रस्त्यावर दिवे लावायचा विषय होता. बोलाचाली झाली, एकाने आवाज चढवला, दुसऱ्याने जुनं काही तरी उकरलं, शेवटी सगळ्यांचं ‘लावूया’ असं ठरलं आणि माणसं उठायला लागली. मामा उठला नाही. टेबलाशी जाऊन म्हणाला, ‘काय लिहिलंत ते वाचा.’ भाऊसाहेबांनी वाचलं: सदर विषयावर सविस्तर चर्चा झाली.

मामा म्हणाला, ‘चर्चा तर आम्ही पारावर रोज करतो, भाऊसाहेब. ठराव लिहा. सूचक माझं नाव घाला, अनुमोदक यांचं. किती खांब ते लिहा. आणि खाली रेघ मारा, नंतर काही घुसायला नको.’

भाऊसाहेब हसले. चिडले नाहीत, कारण ही त्यांची नेहमीचीच झटापट असावी. खांबांची संख्या लिहिली गेली, रेघ मारली गेली, मग मामाने सही केली. दिवे लागायला वेळ लागला तो लागलाच. पण मधल्या काळात ‘असं काही ठरलंच नव्हतं’ म्हणायची कोणाची टाप नव्हती.

हे गाव महापालिकेत आलं आणि मामाचं ते टेबल गेलं. पंचायत बरखास्त झाली, दप्तर महापालिकेच्या ताब्यात गेलं. सरपंच राहिले नाहीत, सदस्य राहिले नाहीत, ग्रामसभा राहिली नाही. त्या जागी नगरसेवक यायला हवा होता, तो यायच्या आत नऊ महिन्यांत महापालिकेचंच सभागृह संपलं. २०१७ मध्ये आलेल्या अकरा गावांसाठी निदान पोटनिवडणूक तरी झाली होती. या तेवीस गावांच्या वाट्याला जून २०२१ पासून जानेवारी २०२६ पर्यंत शहरात स्वतःचा म्हणावा असा एकही प्रतिनिधी आला नाही. ना गावचा, ना शहराचा. एवढ्या मोठ्या वस्तीला साडेचार वर्षं असं मधल्यामध्ये ठेवलं, आणि त्याचा म्हणावा तसा गवगवाही झाला नाही. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसचे, म्हणजे गीयन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण वाढायला लागले. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही नावं रोज बातम्यांत यायची, पिण्याच्या पाण्याकडे बोट दाखवलं जात होतं. तीही समाविष्ट गावंच. विहिरीचं पाणी शुद्ध करून मिळतंय का, हा प्रश्न विहिरीच्या काठावर राहणाऱ्याने अधिकृतपणे कुठल्या सभेत विचारायचा, अशी सभाच त्या वेळी अस्तित्वात नव्हती. पंचायत असती तर आजार झालाच नसता असं मी म्हणत नाही. प्रश्न प्रोसिडिंगवर आला असता, इतकंच म्हणते.

शहरात मामाच्या टेबलाला काही पर्याय आहे का? कागदावर आहे. २००९ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली, म्हणजे मतदारांनी आपल्या भागात जमायचं, कामं सुचवायची. तुमच्या भागात क्षेत्रसभा भरल्याचं आठवतंय का, हे मी ओळखीच्या सगळ्यांना विचारून झालं आहे. बहुतेकांनी ‘ते काय असतं?’ असं विचारलं. प्रभाग समित्या मात्र आहेत. तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत त्या असल्याच पाहिजेत असं घटनाच सांगते. त्यांच्यावर स्वयंसेवी संस्थांमधले तीन जण नेमता येतात. ते बहुतेकदा कोणत्या ‘संस्थे’तले असतात हे चाणाक्ष वाचकाला सांगायला नको.

एक गोष्ट मात्र पुण्याने खरोखर केली आणि तिचं कौतुक पुण्यातच कमी आहे. नागरिक सहभागातून अंदाजपत्रक. २००६ पासून हा प्रकार सुरू आहे. पावसाळ्याच्या सुमाराला अर्ज मागवतात, क्षेत्रीय कार्यालयात मिळतो, ऑनलाइनही भरता येतो. आपल्या भागातलं पाच लाखांच्या आतलं काम सुचवायचं. पदपथ, दिवे, बाकडी, थांबे, असली कामं. एकूण अंदाजपत्रकापुढे हा आकडा म्हणजे ताटातली चटणी. पण चटणी आपल्या हातची असते.

आमच्या इथे बसथांब्यापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर चेंबरची झाकणं रस्त्यापेक्षा चांगली वीतभर वर आली होती. रस्त्यावर दर वेळी डांबराचा थर चढवायचा, मग झाकण खाली जातं. मग झाकण उचलायचं, ते वर येतं. मुलांच्या सायकली, आजोबांच्या काठ्या, सगळं तिथे अडखळायचं. आम्ही चार-पाच जणींनी अर्ज भरायचं ठरवलं. कार्यालयातले कनिष्ठ अभियंता, ज्यांना सगळे जेई म्हणतात, ते तरुण होते आणि बोलायला मोकळे. अर्ज वाचून म्हणाले, ‘मॅडम, “पदपथ व रस्ता दुरुस्ती” असं लिहू नका. रस्ता म्हटलं की कागद मुख्य खात्याकडे जाईल आणि तिथे मोठ्या कामांच्या रांगेत बसेल. “चेंबरची झाकणे रस्त्याच्या पातळीत आणणे” लिहा, कुठून कुठपर्यंत ते लिहा, झाकणं मोजा.’

मग आम्ही झाकणं मोजली. खडू घेऊन प्रत्येकावर आकडा टाकत गेलो; शाळा सुटायची वेळ होती, मुलं मागे मागे येत होती, एकाने विचारलं, ‘काकू, लंगडी खेळताय का?’ नंतर जेई टेप घेऊन आले, त्यांच्याबरोबर एक बिगारी. उंची घेतली, फोटो काढले. दरसूचीतले दर लावून इस्टिमेट झालं. त्यांनी ते मला दाखवलं. झाकण तोडणं, चौकट बसवणं, काँक्रीट, राडारोडा उचलणं, प्रत्येकाला वेगळी ओळ. आवक-जावकच्या खिडकीवर अर्ज देताना मामाचा आवाज कानात होता, त्यामुळे दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलले नाही. सरकारी कचेरीत गेलेल्या कोणालाही विचारा: अर्ज काय लिहिला याला दुय्यम महत्त्व, पोच घेतली का?

काम झालं. पुढच्या आर्थिक वर्षात झालं, उन्हाळ्यात. झाकणांवर कोणाचं नाव टाकायला जागाच नसते, म्हणून ते तसंच राहिलं, निनावी. आणि मग निवडणुकीच्या वेळी आमच्या पत्रपेटीत एका इच्छुकांचा कार्यअहवाल येऊन पडला. गुळगुळीत कागद, रंगीत. त्यात चौथ्या पानावर आमच्या झाकणांचा फोटो होता! आमच्यातली एक जण इतकी संतापली की म्हणे मी त्यांच्या प्रचार कार्यालयात जाऊन पोच दाखवते. मी म्हटलं, दाखव, पण आधी त्यांना विचार की झाकणं किती होती. त्यांना नसणार माहीत.

१५ जानेवारीला मतदान झालं तेव्हा आणखी एक गंमत. आमचे प्रभाग चौघांचे. एका प्रभागात, २०११ च्या जनगणनेने मोजलं तरी, ऐंशी हजारांहून जास्त लोक. अ, ब, क, ड अशा चार जागा, चार वेगवेगळ्या यादीतून चार जण निवडायचे, चारही ठिकाणी बटण दाबायचं. नको असेल तर त्या जागेचं ‘नोटा’ दाबायचं, पण काहीतरी दाबल्याशिवाय मत पुरं होत नाही. माझ्या पुढच्या आजोबांनी एक बटण दाबलं आणि बाहेर यायला निघाले. आतून आवाज, ‘आजोबा, अजून तीन राहिली.’ आजोबा म्हणाले, ‘मला एकच ओळखीचा आहे.’ मतदान केंद्रात हसू नये म्हणतात, पण सगळे हसले.

त्या आजोबांचं म्हणणं मला विनोदी वाटलं नाही. ग्रामपंचायतीत सात ते सतरा सदस्य असतात आणि वॉर्डातला सदस्य कोण ते शेंबडं पोरही सांगतं. इथे चौघांपैकी माझा कोण? पाण्याचं एकाला विचारलं की तो म्हणतो ते दुसऱ्यांकडे. दुसऱ्या म्हणतात, मी तर पलीकडच्या भागाचं बघते. आपसांत भाग वाटून घेतात, जे कायद्यात कुठे नाही. त्यात वाहतूक पोलिसांकडे, मेट्रो महामेट्रोकडे, वीज महावितरणकडे, बस पीएमपीकडे. नगरसेवकाला आपण ज्याचा जाब विचारतो त्यातलं निम्मं त्याच्या हातात नसतं, आणि जे असतं त्याचा जाब चौघांत वाटला जातो. मुंबईत अजून एका वॉर्डाला एकच नगरसेवक आहे. इतर शहरांना चौघांचे प्रभाग का, याची उत्तरं मी पुष्कळ ऐकली. त्यांतलं एकही मतदाराच्या सोयीचं नव्हतं.

मामानेही त्या दिवशी मतदान केलं, महापालिकेसाठी आयुष्यात पहिल्यांदा. फोनवर म्हणाला, ‘चार बटणं दाबली. आता यांतला सूचक कोण नि अनुमोदक कोण ते बघायचं.’

निवडून आलेल्या चौघांपैकी एकांचा सत्कार आमच्या सोसायटीने ठेवला. शाल, श्रीफळ, सामोसे. ते बोलायला चांगले होते, अहंकार दिसला नाही. प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा मी विचारलं की वर्गीकरणाचे विषय सभागृहात येतील तेव्हा आमच्या प्रभागाच्या बाजूने तुम्ही काय म्हणणार आहात, आणि म्हणाल ते आम्हाला कसं कळणार. ते क्षणभर थांबले. मग हसून म्हणाले, ‘ताई, सभागृहाचं आमच्यावर सोडा. तुमच्या ड्रेनेजचं काय ते सांगा.’ आणि झालं! पुढचा सगळा वेळ ड्रेनेजवर गेला, कारण ड्रेनेज खरोखरच तुंबलं होतं, आणि त्यांनी तिथल्या तिथे फोन लावून गाडी मागवली. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, गाडी आली हे चांगलंच झालं.

निघताना जिन्यात त्यांना गाठून म्हटलं, दुसरं काही नको, सभेची कार्यपत्रिका येते तेवढी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकत चला. यात त्यांचं काही जात नव्हतं, त्यामुळे हो म्हणाले.

आणि खरंच टाकली. पानांचे फोटो, तिरके, एका कोपऱ्यात अंगठा आलेला. पहिली प्रतिक्रिया नेहमीप्रमाणे जोडलेले हात. दुसरीत कोणीतरी पाणी किती वाजता येणार ते विचारलं. संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी सगळी पानं मोठी करून वाचलेली दिसली. त्यांनी लिहिलं: आपल्या रस्त्याच्या पावसाळी गटारीचा विषय या यादीत आहे आणि त्याच्यापुढे ‘दप्तरी दाखल’ असा शेरा आहे. म्हणजे फाइल बंद. हा शेरा कोणाच्या सांगण्यावरून आणि कधी मारला?

नगरसेवक ऑनलाइन होते. बराच वेळ नुसतं ‘टाइप करत आहेत’ असं दिसत राहिलं. मग उत्तर आलं: ‘विचारून सांगतो.’